स्टूल थंड होता कामा नये

भोंगाच्या घरात एक स्टूल होतं, आणि ते तिच्या जन्माच्या आधीपासून आजतागायत एकदाही गार पडलं नव्हतं.

आता कोणी म्हणेल, स्टूल ते स्टूल, त्यात गरम काय आणि गार काय! पण ते साधं स्टूल नव्हतंच मुळी. बुटकं, लाकडी, आणि चारही पायांना जाड काचेचे बूट. आजोबा, म्हणजे आईचे वडील, जंगल खात्यात वणव्याच्या पहाऱ्यावर होते. डोंगरमाथ्यावर उंच मनोरा, मनोऱ्यावर काचेची खोली, खोलीत एकटे आजोबा, आणि कडाडायला लागलं की खाली हे स्टूल, विजेने काचेच्या बुटांपाशी माघार घ्यावी म्हणून. चारी दिशांना नजर फिरवायची आणि कुठे धूर दिसला की वायरलेसवर कळवायचं, एवढंच काम. पण त्या कामाचा एक नियम होता. पहारा बदलताना स्टूल गरम हवं. गरम असेल तर आधीचा माणूस जागेवर होता, गार असेल तर साहेब कुठेतरी पाय मोकळे करत होते. नियम तसा शहाणपणाचाच.

घोळ झाला तो शेवटच्या दिवशी. वायरलेसवर निरोप आला, "मनोरा बंद होतोय, तुमच्या जागी बदली माणूस येतोय, तोवर..." आणि तेवढ्यात बॅटरी गेली. आजोबांनी वाट पाहिली. डब्यातलं पीठ संपलं, मग मीठही संपलं, पण बदली काही आली नाही. शेवटी ते स्टूल बगलेत मारून डोंगर उतरले, वाटेत जागोजागी त्यावर बसत. बसमध्ये मधल्या वाटेत स्टूल मांडून बसले आणि कंडक्टरशी भांडले. तेव्हापासून स्टूल घरात आणि आजोबा पहाऱ्यावर! ते अंघोळीला गेले की आई स्टुलावर बसून भाजी निवडायची. ते जेवायला बसले की मामा बसायचा. रात्री आजोबा स्टुलावरच, भिंतीला पाठ लावून. त्याला डुलकी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "मी डोळे मिटून बघतोय," असं ते म्हणत.

पुढे खात्याने मनोरा पाडला, रस्ताही सोडून दिला. भोंगाचा सगळा अभ्यास त्याच स्टुलावर झाला. "आज लवकर जायचंय, स्टूल तापवायची माझी पाळी आहे," असं तिने एकदा वर्गात सांगितलं आणि मैत्रिणीचा चेहरा बघून तिला कळलं, की हे प्रत्येकाच्या घरी नसतं.

भोंगा हे नावही तसं ताजंच. गेल्या वर्षापर्यंत ती वर्गात हजेरीलासुद्धा मान डोलवायची. मग शाळेच्या खेळांच्या दिवशी सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीचा आवाज बसला, बाईंनी माइक, ही समोर दिसली म्हणून, हिच्या हातात कोंबला, आणि हिला शोध लागला की आपल्या गळ्यात एवढं मोठं काहीतरी इतकी वर्षं पडून होतं! त्या दिवसापासून माइक असो नसो, भोंगा सुरूच.

तर अशा या घरात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बॉम्ब टाकला. आजोबांना घेऊन सगळे दवाखान्यात गेले होते. (अर्थात स्टुलासकट. आजोबा दवाखान्याच्या मऊ खुर्चीवर स्टूल ठेवून त्यावर बसले होते आणि त्यांचं डोकं ट्यूबलाइटला लागत होतं.)

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि पार पिकलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याच महिन्यात ऑपरेशन करू. आणखी थांबलात तर पुढे माझ्याच्याने काही होईल याची खात्री नाही."

"पट्टी बांधणार?"

"बांधावी लागेल, आजोबा."

"मग नाही जमायचं. पहाऱ्यावरचा माणूस डोळे बांधून घेत नाही."

"बाबा," मामा दातांतल्या दातांत म्हणाला, "मनोरा नाहीये. पडला तो."

"मनोरा पडला, पहारा कुठे पडलाय? माझी बदली आली की मी मोकळा."

आईने कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाई आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होत्या, हे लोक चेष्टा करतायत की काय म्हणून. आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

"मी आहे बदली!"

बाहेर रांगेत बसलेल्या पेशंटांनीही माना वळवल्या.

"मी घेते पहारा," भोंगा म्हणाली. "मला चारी दिशांचा फेरा सांगता येतो, स्टुलावर बसायची सवय आहे, आणि माझे डोळे टकाटक आहेत. द्या!"

आजोबांनी बराच वेळ हनुवटी खाजवली. "पोरगी लायकीची आहे," ते म्हणाले. "पण पहारा असा दवाखान्यात देत नाहीत. वरच द्यायचा असतो. जागेवर."

"मग चला वर!"

आजोबांचा चेहरा एकदम पडला. नाही म्हणायला कारण शोधतायत असं भोंगाला क्षणभर वाटलं, पण तिने ते मनावर घेतलं नाही.

रविवारी सकाळी तिघं निघाले. आईला सुट्टी नव्हती. तिने डबा दिला, सूचना दिल्या, आणि निघायच्या आधी स्टुलावर पाच मिनिटं बसून ते चांगलं कडक तापवून दिलं. मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. वर जायचं म्हणजे बटण दाबायचं, अशी त्याची आयुष्यभराची धारणा, त्यामुळे पहिल्याच चढाला त्याचा चेहरा तांबडालाल झाला. स्टूल त्याच्या डोक्यावर होतं, काचेचे बूट आकाशाकडे.

जुन्या रस्त्याच्या तोंडाशी खात्याचं लोखंडी गेट होतं आणि गेटला हे भलं मोठं कुलूप. कुंपण मात्र कधीच गळून पडलं होतं. गेटच्या दोन्ही अंगांना हत्ती जाईल एवढी मोकळी जागा. मामा बाजूने निघाला.

"कुठे चाललास?" आजोबा म्हणाले. "कुलूप आहे ना? मग गेटवरून."

"बाबा, बाजूने अख्खा डोंगर मोकळा आहे!"

"खात्याचं गेट आहे ते. त्याचा मान राखायचा."

तिघं गेटवर चढले आणि पलीकडे उतरले. मामाची पँट टोकात अडकली. त्याला सोडवेपर्यंत एक शेळी बाजूने आत गेली, जरा चरली आणि बाजूनेच बाहेर आली.

रस्ता मोठा मजेशीर होता. डांबराच्या खपल्या निघालेल्या, मधल्या पांढऱ्या पट्ट्यावरच नेमकं एक झाड उगवलेलं, जणू वाहतूक पोलीस. एका जुन्या पाटीला शेजारच्या खोडाने अर्धं गिळलं होतं.

"'वेग कमी करा'," भोंगाने वाचलं.

आजोबांनी लगेच वेग कमी केला. मुळातच ते मुंगीच्या चालीने चालत होते, आता ते जवळजवळ थांबलेच. भोंगाच्या खांद्यावर त्यांचा हात होता. "तुला भीती वाटू नये म्हणून धरलंय," ते म्हणाले.

"मला कसली भीती?"

"तेच म्हणतोय. वाटू नये."

दर वळणाला आरोळी उठायची, "स्टूल गार पडतंय!" की रस्त्याच्या मधोमध स्टूल मांडायचं आणि कोणीतरी बसायचं. एका वळणावर मामाची पाळी असूनही तो बसेना. म्हणाला, चांगलं तापलेलं आहे, चला. भोंगाला संशय आला. तिने स्टूल त्याच्या डोक्यावरून उतरवलं तर खाली टॉवेलात गुंडाळलेली शेकायची पिशवी, गरम पाणी भरलेली!

"मामा!"

"अगं, ऊब ती ऊब! स्टुलाला काय कळतंय?"

"रबराची पिशवी पहारा देते का?" आजोबा कडाडले. "तिला धूर दिसतो का? ओत ते पाणी!"

मामाने बिचाऱ्याने पाणी ओतलं आणि निमूट स्टुलावर बसला. त्याच्या तोंडातून "रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात" असं काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं.

धुकं असं दाटलं होतं की पुढचं वळण दिसेना. आजोबा मात्र मान वर करून म्हणाले, "वा! काय लख्ख दिसतंय आज. ती बघ पाण्याची टाकी."

भोंगाने बघितलं. पांढरं, पांढरं आणि पांढरं. "हो, आजोबा," ती म्हणाली, आणि त्यांचा हात खांद्यावर नीट घेतला.

मग आली दरड. अर्धा रस्ता खाली दरीत गेलेला, उरलेला जेमतेम एका माणसापुरता. दोन्ही हात खडकाला धरायला मोकळे हवेत, मग स्टूल कोण धरणार? आणि पलीकडे पोहोचेपर्यंत ते गार पडलं तर? मामा म्हणाला, परत जाऊ. आजोबाही, नवल म्हणजे, लगेच म्हणाले, "हो, जाऊ परत. रस्ताच नाही म्हटल्यावर काय करणार?"

"पट्टा द्या," भोंगा म्हणाली.

"कसला?"

"पँटचा!"

आजोबांनी पट्टा काढून दिला. भोंगा स्टुलावर बसली, पट्टा स्टुलाखालून घेऊन मांड्यांवरून आवळला, बक्कल लावलं आणि उठली. म्हणजे अर्धीच उठली. स्टूल मागे चिकटलेलं, गुडघे वाकलेले, दोन्ही हात मोकळे. ती खेकड्यासारखी तिरकी तिरकी सरकत निघाली. काचेचे बूट खडकावर किणकिणत होते. मागून मामा एका हाताने खडक आणि दुसऱ्या हाताने आजोबांना धरून, आणि आजोबा एका हाताने मामाला आणि दुसऱ्या हाताने स्वतःची पँट धरून. त्या वेळी दरीतून कोणी वर बघितलं असतं तर त्याने आयुष्यात पुन्हा वर बघितलं नसतं.

पलीकडे पोहोचल्यावर बक्कल निघेना. ओढलं, हिसकलं, मामाने दात लावले. गंजकं बक्कल जाम होऊन बसलं होतं. मामा पट्टा तोडायला पिशवीतली पकड शोधू लागला.

"राहू दे," भोंगा म्हणाली. "तापतंय तरी आयतं!"

उरलेला चढ ती तशीच चढली, आणि बसावंसं वाटलं की नुसते पाय सैल सोडायची. मामाला तिचा मनापासून हेवा वाटला.

माथ्यावर पोहोचले तेव्हा धुकं विरत होतं. मनोऱ्याच्या जागी सिमेंटचे चार ठोकळे राहिले होते, त्यांतून कापलेल्या लोखंडाची बोटं वर आलेली. आणि त्या चार ठोकळ्यांच्या बरोबर मधोमध एक म्हातारा ताठ उभा होता. काखेत छत्री, हातात थर्मास.

"आलात?" तो म्हणाला. "किती उशीर!"

"तुम्ही कोण?" मामाने विचारलं.

"मी बदली."

आजोबा म्हणाले, "कसली बदली?"

"तुमची! वायरलेसवर सांगितलं नव्हतं? खात्याची गाडी घाटात बंद पडली. मी आपला चालत चालत आलो, तर वर कोणी नाही. आणि स्टूलही नाही! स्टूल नाही तर पहारा घेणार कसा? आणि घेतलाच नाही तर सोडणार कसा? तेव्हापासून रोज येतो. सकाळी येतो, संध्याकाळी जातो. घरी हिला वाटतं माझं बाहेर काहीतरी आहे. मी म्हटलं, आहे, पण ते एक जण घेऊन गेलाय."

"रोज चढता? हा रस्ता?" भोंगाने विचारलं.

"छे! हा कशाला? पलीकडून बस येते की."

"बस?" मामाचा आवाज चिरकला. "बस येते?"

"ही काय, खाली वळणावर थांबते."

मामा जवळच्या ठोकळ्यावर जाऊन बसला आणि बराच वेळ त्याने कोणाशी संबंध ठेवला नाही.

"तुम्ही बसत का नाही? ठोकळे आहेत की इतके," भोंगा त्या म्हाताऱ्याला म्हणाली.

"स्टूल सोडून दुसरीकडे बसलो तर पहाऱ्याचा माणूस कसला मी? पाय सुजलेत, पण टेकलो नाही." मग त्याची नजर तिच्या मागे बांधलेल्या स्टुलावर गेली आणि डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. "हेच का ते? गरम आहे?"

"कडक," भोंगा म्हणाली.

"मग सांगा फेरा!"

फेरा म्हणजे पहारा देणाऱ्याने रस्त्यापासून सुरुवात करून गोल फिरत जे जे दिसतं ते सांगायचं. घेणाऱ्याने आपल्या डोळ्यांनी ताडून बघायचं. चुकलं तर देणारा पहाऱ्यावर नव्हताच असं धरतात आणि पहारा काही सुटत नाही.

आजोबा पुढे झाले. एक हात भोंगाच्या खांद्यावर, एक पँटवर. त्यांनी घसा साफ केला.

"रस्ता. रस्त्याच्या टोकाला पाण्याची टाकी. पुढे नदीचं वळण, वळणावर गिरणी, गिरणीचं धुराडं..."

बदलीवाला हळूहळू त्यांच्याबरोबर वळत होता. टाकीपाशी तो अडखळला, धुराड्यापाशी थांबलाच. त्याने छत्री दुसऱ्या काखेत घेतली. "पुन्हा सांगता का जरा?" तो फार मऊ आवाजात म्हणाला.

आजोबांनी पुन्हा सांगितलं. तीच टाकी, तेच धुराडं, आणि या वेळी शाळेचं तांबडं छप्पर.

खाली टाकी नव्हती, धुराडं नव्हतं, तांबडं छप्परही नव्हतं. भोंगाला सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि आता हेही दिसलं की आजोबांना त्यातलं काहीच दिसत नाही. बहुधा बऱ्याच दिवसांपासून. खांद्यावरचा हात तिला भीती वाटू नये म्हणून नव्हता, आणि परत जायची ती घाई रस्ता तुटल्यामुळे नव्हती. बदलीवाल्याला हे कळलं होतं. आणखी एकदा फेरा चुकला की त्याला नाही म्हणावं लागणार, मग आजोबा स्टूल घेऊन घरी जाणार आणि दिसत नसलेल्या धुराड्यावर मरेपर्यंत नजर ठेवणार. आणि आजोबांना दिसत नाही हे तिने इथे, त्यांच्याच जागेवर, बोलून दाखवलं तर? ते याहून वाईट. भोंगाने एक मोठा श्वास घेतला.

"थांबा!" ती अशी ओरडली की मामा ठोकळ्यावरून घसरला. "फेरा आजोबा कसे सांगतील? पहाऱ्यावर मी आहे!"

"तू?"

"स्टुलावर कोण बसलंय? दरडीपासून एकटीने कोणी तापवलंय? आजोबा, नियम कोणाचा? स्टूल ज्याने तापवलं त्याचा पहारा. बरोबर की नाही?"

बदलीवाल्याने वाकून हात लावून बघितलं. "हिचंच आहे," तो म्हणाला, जरा जास्तच घाईने. "नियमाप्रमाणे हिनेच सांगायला हवं."

आजोबांनी खांद्यावरचा हात जरा दाबला.

आणि भोंगाने फेरा सुरू केला. बांधलेल्या स्टुलासकट टुकटुक गोल फिरत, शाळेच्या मैदानावरच्या आवाजात.

"रस्ता! रस्त्याच्या टोकाला टाकी नाही, निळ्या पत्र्याची गोदामं आहेत. नदीचं वळण आहे. पाणी आहे थोडंसं. गिरणीच्या जागी पांढऱ्या इमारती, गच्च्यांवर कपडे वाळतायत."

"कसले कपडे?" आजोबांनी विचारलं.

फेऱ्यात कपडे सांगत नाहीत. पण बदलीवाल्याने तिकडे काणाडोळा केला.

"चादरी. एक पिवळी आहे. ती उडून शेजारच्या गच्चीवर चाललीय, आणि एक बाई तिच्यामागे धावतेय."

"सापडली?"

"थांबा... हो! पकडली!"

"आणि शाळा?"

"शाळा आहे. छप्पर हिरवं केलंय."

"हिरवं?" आजोबा म्हणाले. "शाळेला हिरवं?" आणि ते तिकडे तोंड करून उभे राहिले. नवीन घरात आल्यासारखे एकेका खोलीची चौकशी करत राहिले. पुलाचे कठडे कसले, पुलावर कोण चाललंय, त्याच्या डोक्यावर काय. भोंगा सांगत राहिली. फेरा संपायला दुपार झाली.

"धूर?" शेवटी बदलीवाल्याने विचारलं.

"नीट बघ हं," आजोबा म्हणाले.

भोंगाने नीट बघितलं. "धूर नाही."

"दिलं म्हण."

"दिलं!"

"घेतलं!" बदलीवाला म्हणाला आणि बसायला वळला, तर स्टुलाला भोंगा बांधलेली! बक्कल तसंच जाम. "उठ गं! गार पडेल!" "उठतेय, उठतेय! मामा!" मामाने पिशवीतून पकड काढली. लिफ्टवाला माणूस, पकड असतेच त्याच्याकडे. त्याने पट्टा कचकन तोडला, भोंगा चेंडूसारखी उडाली, आणि बदलीवाला जो धाडकन बसला, जन्मभराचं उभं राहणं एका दमात खाली ठेवल्यासारखा.

"हुश्शऽऽऽ!"

"आता तुमची बदली कोण?" मामाने भीत भीत विचारलं. एक पाय त्याने बसच्या दिशेने आधीच टाकला होता.

"कोणी नाही. मला हुकूमच तेवढा होता. पहारा घ्या, धूर नाही बघून मनोरा बंद करा. मी उठलो की बंद." त्याने थर्मासचं झाकण उघडलं आणि पाय लांब पसरले. "पण जरा बसू द्या हो आधी!"

आजोबा काही सरळ चालत निघाले नाहीत. मनोऱ्याला जिना होता, आणि पहारा दिल्यावर जिन्याने उतरायचं असतं. ते त्या सपाट जागेवर पाय चाचपत, एकेक न दिसणारी पायरी उतरत आले. भोंगाने खालून हात दिला. दिसत नव्हती ती पायरी दोघांनाही.

"मला वाटलं, धुराडं असेल अजून," ते खालच्या आवाजात म्हणाले. "भीती वाटत होती गं. पट्टी सोडतील, आणि बघतो तर काहीच नाही, असं झालं तर?"

"आहे ना," भोंगा म्हणाली. पहिल्यांदाच इतक्या हळू. "सगळं सांगितलं की आत्ता तुम्हाला."

"शाळेला हिरवं छप्पर," आजोबा म्हणाले. "हे मात्र मी स्वतः बघणार आहे. लाव त्या डॉक्टरीणबाईंना फोन."

बस आली. मामा सगळ्यात आधी चढला आणि मागच्या बाकावर आडवा झाला. आजोबा खिडकीपाशी बसले, एका हाताने पँट धरून. थोडं पुढे गेल्यावर ते अचानक उठले.

"काय हवंय, आजोबा?"

"काही नाही."

ते वरचा दांडा धरून, बसबरोबर डुलत, सीटकडे पाठ करून उभेच राहिले. त्यांच्या जागेवर बसायला भोंगाचे गुडघे सवयीने वाकले होते, पण त्यांनी हात आडवा धरला. दोन वळणं गेली. मग त्यांनी मागे हात नेऊन रेक्झिनवर तळवा ठेवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"गार!" ते बसभर ऐकू जाईल असं म्हणाले, आणि ऐसपैस बसले.